हिशोब मंगळवारच्या रात्रीचा करा: पाहुण्यांसाठी भाड्याने द्यायच्या घराबद्दल वाचकांचे प्रश्न

सिंहस्थ जवळ येतोय तशी एकाच विषयावरची पत्रं वाढली आहेत: नाशिकमध्ये फ्लॅट घेऊन तो दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायचा, परवडेल का? त्यातली काही पत्रं आणि उत्तरं इथे देत आहोत.

पंचवटीत दोन बेडरूमचा रेडी फ्लॅट 48 लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो, कुंभात रात्रीचे 8,000 सहज मिळतील आणि पुढे हप्ता भाड्यातूनच सुटेल. 34 लाखांचं कर्ज काढावं लागेल. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट महिना 15,000 भाड्याने गेला आहे. घ्यावा का?
— एक वाचक, सिडको

कुंभासाठी म्हणून घेऊ नका. आधी कुंभाचेच आकडे मांडू. कुंभाची सुरुवात करणारं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, पण नाशिकची अमृतस्नानं, म्हणजे मुख्य स्नानाच्या पर्वण्या, तीनच: 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर 2027. प्रत्येक पर्वणीच्या मागेपुढे धरून चार रात्री 8,000 ने गेल्या असं समजा. बारा रात्रींचे 96,000 झाले. बुकिंग साइटचं कमिशन 15 टक्के धरलं तर हातात 81,600. तुमच्या 34 लाखांना साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याला साधारण 29,500 चा हप्ता बसेल. म्हणजे बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वण्यांनी तुमचे पावणेतीन हप्ते भरले जातील. बाकीचे 237 हप्ते साध्या दिवसांनी भरायचे आहेत.

त्या साध्या दिवसांचं गणित असं. महिन्यात शुक्रवार-शनिवारच्या आठ-नऊ रात्री येतात. त्यातल्या सात रात्री 3,000 ने गेल्या तर 21,000. उरलेल्या दिवसांतल्या सहा रात्री 2,200 ने गेल्या तर 13,200. एकूण 34,200. आता वजाबाकी. कमिशन 5,130. नऊ वेळा पाहुणे बदलले तर सफाई आणि धुलाई प्रत्येकी 550 प्रमाणे 4,950. वीज 3,000, इंटरनेट 900, सोसायटीचा मेंटेनन्स 2,000, चहा-साखर-साबण 1,000, दुरुस्तीसाठी बाजूला 2,000, आणि किल्ली देणाऱ्या, वेळी-अवेळी धावून जाणाऱ्या माणसाचे 4,000. खर्च 22,980 झाला, उरले 11,220.

नेहमीच्या भाडेकरूकडून 15,000 येतात. त्यातून मेंटेनन्स गेला तरी 13,000 उरतात, शिवाय चादरी धुवायच्या नाहीत. म्हणजे तेरा रात्री भरूनही तुम्ही साध्या भाड्याच्या मागेच आहात. रविवार ते गुरुवारच्या प्रत्येक जादा रात्रीतून कमिशन, सफाई आणि वीज वजा जाता साधारण 1,170 सुटतात. साध्या भाड्याला गाठायला पंधरा रात्री भराव्या लागतील. पूर्ण हप्ता सुटायचा तर एकोणतीस. महिन्यात एकोणतीस रात्री भरलेलं घर नाशिकमध्ये आम्ही गृहीत धरणार नाही, तुम्हीही धरू नका.

म्हणून शनिवारची रात्र बघून घर घेऊ नये. शनिवार बहुतेकांचा भरतो. मंगळवारी कोण येणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. ते नसेल तर फ्लॅट साध्या भाड्याने द्या, आणि तेवढ्या भाड्यावर 48 लाखांची किंमत पटत नसेल तर घेऊच नका.

पंचवटीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी बाहेरची वाहनं शहराबाहेरच्या वाहनतळांवरच थांबवली होती. रामकुंडाजवळचं घर म्हणजे पाहुण्याला सामान घेऊन बरंच चालणं. त्याला बुकिंगच्या वेळीच तसं सांगा, नाहीतर पैसे परत मागण्यावरून वाद होतो. दुसरी गोष्ट पुराची. पर्वण्या ऐन पावसाळ्यात आहेत आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर काय होतं हे नाशिककरांना सांगायला नको. 2008, 2016 आणि 2019 चे पूर आठवा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी पाणी आल्यावर तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये किती असतं, हे तिथल्या जुन्या रहिवाशाला विचारा. महापालिकेच्या नगररचना विभागात इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का ते नकाशावर पाहा. भोगवटा दाखला (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागा. तोंडी "आहे, आहे" वर इसार देऊ नका.

मग नाशिकमध्ये मंगळवारी येणारा पाहुणा कुठे मिळतो? गंगापूर रोड, त्र्यंबक की पाथर्डी फाटा?
— एक वाचक, ठाणे (मूळ निफाड)

प्रत्येक भागाचा पाहुणा वेगळा आहे आणि घरही त्याच्यासाठीच लावावं लागतं.

गंगापूर रोड आणि सावरगावकडचा पट्टा म्हणजे द्राक्षमळे, वायनरी आणि धरणाचं पाणी. इथे मुंबई-पुण्याचा पाहुणा येतो, शुक्रवारी रात्री पोहोचतो आणि रविवारी दुपारी निघतो. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ सगळ्यांत जोरात, एप्रिल-मे मंद, पावसाळ्यात शनिवार-रविवार पुन्हा बरा. दर चांगला मिळतो, पण आठवड्याच्या मधले दिवस रिकामे जातात. रात्री उशिरापर्यंतचं गाणं-बजावणं आणि दोन-तीन गाड्यांचं पार्किंग हे दोन प्रश्न हमखास येतात. सोसायटीतल्या फ्लॅटपेक्षा स्वतंत्र बंगला इथे जास्त चालतो.

त्र्यंबकेश्वरचा हिशोब याच्या अगदी उलटा. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी. तो मुहूर्त पाहून होतो, वार पाहून नाही. त्यामुळे इथे मंगळवार-बुधवारही भरतात आणि एक कुटुंब सलग तीन रात्री राहतं, म्हणजे तीन रात्रींत सफाई एकदाच. पण माणसं पाच-सहा असतात, बरोबर आजी-आजोबा असतात. लिफ्ट नसलेला तिसरा मजला त्यांच्या कामाचा नाही. पहाटे कुशावर्तावर स्नान करून येतात तेव्हा हातात ओले कपडे असतात. गॅलरीत दोन मजबूत दोऱ्या आणि पुरेसे चिमटे नसतील तर ते कपडे तुमच्या सोफ्याच्या पाठीवर आणि पंख्याखाली पलंगावर वाळतात. सकाळी लवकर निघायचं असल्याने पाच वाजता गरम पाणी हवं. विधीच्या दिवसांत कांदा-लसूण चालत नाही, म्हणून स्वयंपाकघरात कुकर, कढई, पोळपाट-लाटणं ठेवा. घरात मांसाहार आणि मद्य चालणार नाही, हे वर्णनातच ठळक लिहा. श्रावणातल्या सोमवारी, त्यातही ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी तिसऱ्या सोमवारी, गर्दी इतकी असते की घर कुठेही असलं तरी भरतं. त्या दिवसाच्या दरावरून वर्षाचा अंदाज मात्र बांधू नका.

आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहेत पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि सातपूर. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत मशीन बसवायला, दुरुस्तीला, ऑडिटला येणारे लोक सोमवारी येतात आणि शुक्रवारी जातात. कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. त्यांना देखाव्याशी काही घेणं नसतं. टेबल-खुर्ची, चालणारं इंटरनेट, वॉशिंग मशीन, जवळ मेस आणि कंपनीच्या नावाचं बिल एवढं हवं असतं. असाच पाहुणा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्याच्या कामासाठी, दिंडोरी रोडला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कामासाठी येतो. मोठ्या दवाखान्यांजवळ रुग्णाचे नातेवाईक असतात. त्यांना रात्री अकरालाही किल्ली हवी असते आणि मुक्काम किती दिवसांचा ते आधी सांगता येत नाही. त्यांच्यासाठी रद्द करण्याचे नियम सैल ठेवा. या पाहुण्याचा दर रात्रीला 1,400-1,600 च असेल, पण सलग दहा रात्री मिळाल्या तर कमिशनही वाचतं, कारण दुसऱ्या वेळी तो थेट फोन करतो.

आमच्या सोसायटीने नोटीस दिली आहे की फ्लॅट पाहुण्यांना देणं ताबडतोब बंद करा. सोसायटीला हा अधिकार आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर

फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं. त्यासाठी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा शासनाने 2001 मध्येच घातली आहे. पण दर दोन दिवसांनी नवा माणूस येणं हे भाडेकरू ठेवणं आहे की लॉज चालवणं, हाच सोसायटीचा मुद्दा असतो, आणि निवासी फ्लॅटचा व्यावसायिक वापर या अंगाने तो कमजोर नाही. उपविधींची प्रत काढून वापरातल्या बदलाचं कलम वाचा, सर्वसाधारण सभेत काय ठराव झाला ते पाहा.

कोर्ट-कचेरीच्या आधी एक करून पाहा. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा चारच असतात: रात्री लिफ्टमधला गोंधळ, दुसऱ्याच्या जागेत गाडी, जिन्यात कचरा आणि चुकीच्या दाराची बेल. कमीत कमी तीन रात्रींचंच बुकिंग घ्या, पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी वॉचमनकडे द्या, गाडीची जागा रंगाने आखून घ्या, दारावर मोठ्या अक्षरात नंबर लावा. हे लेखी कळवून तीन महिन्यांची मुदत मागा. सोसायटीचा विरोध ठाम असेल तर महिनाभराच्या मुक्कामाचे पाहुणे घ्या. आणि ज्यांनी अजून फ्लॅट घेतलेला नाही त्यांनी इसार देण्याआधी सोसायटीच्या सचिवाला भेटावं.

परवानग्या आणि कर नक्की कोणते? सीए, एजंट आणि मित्र तिघंही वेगळं सांगतात.
— एक वाचक, नाशिकरोड

जीएसटी आधी. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. तरीही बुकिंग साइटवरून येणाऱ्या पाहुण्याला कर लागतोच. मालक नोंदणीकृत नसेल तर तो कर साइटनेच भरायचा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के दर आहे, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. 5 टक्क्यांच्या दरात फर्निचर, एसीवर भरलेल्या कराची वजावट (क्रेडिट) मिळत नाही, तेव्हा खर्चाचा अंदाज करासकट धरा.

साइट तुमच्या रकमेतून 0.1 टक्का टीडीएसही कापते. वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन दिला असेल तर कापत नाही. पॅन दिला नसेल तर कपात 5 टक्क्यांवर जाते, म्हणून खातं उघडतानाच पॅन भरा.

आयकरात खरा प्रश्न उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचं हा आहे. नुसतं भाडं असेल तर ते घरमालमत्तेचं उत्पन्न, त्यावर 30 टक्के सरसकट वजावट. सफाई, चादरी, नाश्ता अशा सेवा देऊन रात्रीच्या हिशोबाने घर दिलं तर ते व्यवसायाकडे झुकतं आणि प्रत्यक्ष खर्च वजा होतात. पहिल्याच वर्षी सीएकडून हे लेखी ठरवून घ्या आणि दरवर्षी बदलू नका. नवीन करप्रणालीत असाल तर भाड्याच्या घराच्या व्याजाचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. कर्ज काढून "टॅक्स वाचेल" म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

विजेचं मीटर हे लोक विसरतात. घरगुती मीटरवर व्यवसाय आढळला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर ती मागच्या बारा महिन्यांची. महावितरणच्या कार्यालयात तुमच्या वापराला कोणता दर लागतो हे अर्ज देऊन विचारा आणि पोच जपून ठेवा. मालमत्ता कराचंही महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तसंच करा. तुम्ही स्वतः त्याच घरात राहून दोन-तीन खोल्या देत असाल, तर पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करता येते, ती जरूर करा.

पाहुण्यांची नोंदवही रोज भरा, प्रत्येक मोठ्या माणसाची: नाव, पत्ता, ओळखपत्र, येण्या-जाण्याची वेळ, आणि गाडीचा नंबर. फक्त बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र घेऊन भागत नाही. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती द्यावी लागते. फॉर्म सी म्हणतात तो हाच. त्यासाठी आधी तुमच्या घराची नोंदणी हवी, आणि ती पाहुणा दारात उभा असताना होत नाही.

कॉलेज रोडला माझा एक बेडरूमचा फ्लॅट आहे. सगळं नवीन असूनही "घराला वास येतो" आणि "चादरी डागाळलेल्या" असे शेरे येतात. फ्रेशनर बदलून झाले.
— एक वाचिका, कॉलेज रोड

फ्रेशनर बंद करा, तो वास लपवतो आणि पाहुण्याचा संशय वाढवतो. वास बहुतेक नहाणीतून येतो. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी साचून राहतं, तेच ड्रेनेजचा वास अडवतं. घर आठ-दहा दिवस बंद राहिलं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, की ते पाणी वाळतं आणि वास सरळ वर येतो. त्यात कोणी एक्झॉस्ट फॅन लावला की तो आणखी ओढला जातो. घर बंद करताना बाथरूम, टॉयलेट, ड्राय बाल्कनी आणि बेसिन, प्रत्येक ठिकाणी मगभर पाणी ओता आणि नहाणीत वरून चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही. वॉशिंग मशीनचा पाइप जिथे ड्रेनेजमध्ये सोडला आहे तिथली फट रबरी बुचाने बंद आहे का पाहा. ही फट कोणी बघत नाही.

तरीही वास राहिला तर गादी तपासा. पावसाळ्यात बंद घरात गादीला खालून बुरशी धरते. पलंगाखाली सामान कोंबलेलं असेल तर ते काढा, गादी भिंतीला उभी करून दोन तास पंखा लावा, आणि धुता येईल असं जलरोधक कव्हर घाला.

चादरींचे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. दोनच असतील तर पावसात ओलसर चादर घातली जाते, आणि तोही वासच. डागांमध्ये नाशिकला तीन मुख्य: हळद-कुंकू, केसांचं तेल आणि द्राक्षाचा किंवा वाइनचा रस. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरून घासू नका. कापड धुवून ओलंच उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. एका दिवसात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाच्या डागावर धुण्याआधी भांडी घासायचं लिक्विड चोळून पंधरा मिनिटं ठेवा, गरम इस्त्री मात्र डाग निघेपर्यंत फिरवू नका. वाइन सांडली की लगेच गार पाणी. म्हणून पाहुण्यांच्या सूचनांमध्ये "डाग पडला तर लगेच कळवा, पैसे घेणार नाही" असं लिहा. दंडाच्या भीतीने लोक चादर घडी करून ठेवतात आणि डाग पक्का होतो.

आणि गरम पाणी. थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. 25 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं तर आंघोळीजोग्या अडीच बादल्या होतात, पुन्हा तापायला साधारण अर्धा तास. चार पाहुणे असतील तर हे गणित गिझरशेजारी लिहून लावा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नका, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाज न करता जातो.

मी गृहिणी आहे. आमच्या म्हसरूळच्या बंगल्याचा वरचा मजला सासूबाई माझ्या नावावर करून देत आहेत. फर्निचरसाठी कर्ज काढलं तर सरकारी मदत आहे का?
— एक वाचिका, म्हसरूळ

आहे. पर्यटन संचालनालयाच्या "आई" धोरणात महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. व्याजदर 12 टक्क्यांच्या मर्यादेत, मुदत सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये, जे आधी होईल ते. व्याज आधी तुम्हीच बँकेत भरायचं, मग परतावा. हप्ते थकवले तर तो मिळत नाही. नोंदणी आधी करा, कर्ज नंतर, या क्रमाने जा. तुम्ही त्याच बंगल्यात राहता, वेगळा हप्ता नाही, आणि पाहुणा आला नाही तरी वरचा मजला घरच्यांच्या कामाचा. आज आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचा बेत आम्हाला सगळ्यांत भक्कम वाटतो.

धरणाजवळ पाच गुंठे "फार्महाउस प्लॉट" स्वस्तात मिळतोय. सातबारावर सहा जणांची नावं येतील म्हणतात. त्यावर कॉटेज बांधून द्यावं का?
— एक वाचक, पुणे

तुम्ही शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन तुमच्या नावावर होऊ शकत नाही, इथेच विषय थांबतो. शेतकरी असाल तरी सहा जणांच्या सामाईक सातबारावर "तुमचा" तुकडा कुठला हे कागद सांगत नाही. उद्या एकाने रस्ता अडवला तर पाहुण्याची गाडी आत जाणार नाही. बांधकाम परवानगीशिवाय विजेची जोडणी, बँकेचं कर्ज, विमा या प्रत्येक ठिकाणी अडेल. जमीन बिनशेती असल्याचा कागद, मंजूर अभिन्यास (लेआउट) आणि स्वतंत्र सातबारा, हे तीन कागद विक्रेत्याकडे नसतील तर जागा पाहायलाही जाऊ नका.